ऑर्डर किती घ्यायच्या, ते पॅकिंगच्या टेबलावर ठरतं

प्रश्न : मी कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. आई हंगामी भेटवस्तूंचे बॉक्स तयार करून पार्सलने घरपोच पाठवते. गेल्या हंगामात ऑर्डर दुप्पट झाल्या, पण फुटक्या आणि चुकीच्या वस्तू गेल्याच्या तक्रारीही वाढल्या. मला हा व्यवसाय मोठा करायचा आहे. आधी मार्केटिंगमध्ये एमबीए करू का?

उत्तर : मार्केटिंगचा विचार तूर्त बाजूला ठेव. ऑर्डर दुप्पट झाल्या म्हणजे गिऱ्हाईक मिळवणं तुम्हाला जमतंय. अडतंय ते ऑर्डर आल्यापासून पार्सल बाहेर पडेपर्यंतच्या कामात. त्याला ऑपरेशन्स म्हणतात, आणि तू आधी तेच शिकावंस असं मला मनापासून वाटतं.

हंगामी धंद्याची गोम अशी, की चूक निस्तरायला वेळच मिळत नाही. ज्या दिवसासाठी भेट मागवली तो दिवस उलटल्यावर बदली वस्तू पोचून उपयोग काय? शिवाय भेट मिळालेला माणूस पाठवणाऱ्याला ‘फुटकी आली’ असं सांगायला संकोचतो. त्यामुळे तुमच्या कानावर आलेल्या तक्रारींपेक्षा खऱ्या चुका जास्त असणार, असंच धरून चाल.

आता साधा हिशेब कर. समजा, एका टेबलावर तासाला 20 बॉक्स भरून होतात, पण नीट तपासून होतात 15च. मग तुमचा वेग 15. आठ तासांचे 120, हंगामाचे 25 दिवस धरले तर 3,000. त्यापुढची एकही ऑर्डर घ्यायची तर आधी तपासणीचं दुसरं टेबल आणि त्यावर बसणारं शिकवलेलं माणूस हवं. होतं मात्र उलटं : ऑर्डर घेऊन ठेवतात, मग धावपळ होते आणि पहिली काट बसते ती तपासणीला. त्यातून शेवटच्या आठवड्यात ऑर्डरचा लोंढा येतो. म्हणून ऑर्डर घेण्याची शेवटची तारीख आधीच जाहीर करायची आणि कितीही मोह झाला तरी पाळायची.

ही अडचण जुनी आहे. अमेरिकेतल्या सीअर्स, रोबक कंपनीकडे कॅटलॉग पाहून टपालाने इतक्या ऑर्डर येऊ लागल्या, की माल उशिरा आणि चुकीचा जाऊ लागला. 1906 साली शिकागोत त्यांचं नवं केंद्र उभं राहिलं. तिथे कामकाज सांभाळणाऱ्या ओटो डोअरिंग यांनी प्रत्येक ऑर्डरला वेळ नेमून दिली. एखाद्या विभागाचा माल त्या वेळेत ऑर्डरमधल्या वस्तू एकत्र करण्याच्या जागी आला नाही, तर बाकीचं पार्सल रवाना व्हायचं आणि राहिलेली वस्तू वेगळी पाठवण्याचा भुर्दंड त्या विभागावर पडायचा. गाडं कुठे अडलं, ते लगेच उघड व्हायचं. तुमच्याकडे ते कळतं का? नसेल तर प्रत्येक बॉक्समध्ये भरणाऱ्याचा आणि तपासणाऱ्याचा क्रमांक असलेली चिठ्ठी टाका. परत आलेल्या प्रत्येक पार्सलचं कारणही वहीत लिहा. दंड कुणालाच नको, नाहीतर चुका लपवल्या जातील.

फुटक्या वस्तूंसाठी, पार्सल वाहतुकीत टिकेल का हे बघणाऱ्या ‘इस्टा 1ए’ चाचणीतला टाकून पाहण्याचा भाग माहीत करून घे. भरलेला बॉक्स एका कोपऱ्यावर, त्या कोपऱ्यातून निघणाऱ्या तीन कडांवर आणि सहाही बाजूंवर, असा 10 वेळा पाडतात. हलक्या बॉक्ससाठी उंची 76 सेंटिमीटर. घरच्या घरी करून बघायला प्रयोगशाळा लागत नाही. फक्त हे हंगामाच्या बरंच आधी कर, कारण खोका बदलायचा तर पुरवठादाराला वेळ द्यावा लागतो.

शिक्षणाचं म्हणशील तर पदवी पूर्ण कर, एक्सेल आणि संख्याशास्त्र पक्कं कर. लॉटमधून किती नग तपासायचे, हे ठरवण्याची आयएसओ 2859 ही पद्धत समजून घे. एमबीए करायचंच असेल तर ऑपरेशन्स किंवा सप्लाय चेनमध्ये कर, पण त्याआधी एक अख्खा हंगाम पॅकिंगच्या टेबलावर काम कर. ऑफिसात बसून नव्हे. पुढच्या हंगामाचा ऑर्डरचा आकडा आईबरोबर ठरवायला बसाल, तेव्हा त्या टेबलावर काम करणाऱ्यांनाही बोलावून घ्या.