इंग्लंडमधील आमच्या घरात गॅस बॉयलरचा दाब वारंवार उतरतो. काय करावे आणि भरवशाचा प्लंबर कसा ओळखावा?
बॉयलर थंड असताना त्याच्या दाबमापकाचा काटा साधारणपणे १ ते १.५ बारच्या (बार हे दाबाचे एकक) दरम्यान असावा. तो त्याखाली गेला असल्यास बॉयलर बंद करून थंड होऊ द्यावा आणि खालच्या बाजूच्या, तारेची जाळी विणलेल्या, पाणी भरण्याच्या नळीचे व्हॉल्व्ह हळूहळू उघडून, काटा १.५ च्या जवळ येताच ते घट्ट बंद करावेत. (एखादा किंचित उघडा राहिला, तर दाब वाढतच जातो.) आठवड्याभरात काटा पुन्हा उतरला, तर नुसते पाणी भरत बसण्यात अर्थ नाही, रेडिएटरच्या सांध्यांपाशी ओल किंवा हिरवट डाग शोधावेत. दुरुस्तीसाठी गॅस सेफ रजिस्टरमध्ये (गॅसची कामे करणाऱ्या कारागिरांच्या अधिकृत यादीत) नोंद असलेलाच कारागीर बोलवावा आणि त्याच्या ओळखपत्राची मागची बाजू अवश्य वाचावी, कारण कोणत्या कामांची पात्रता त्याच्याकडे आहे, हे तिथेच छापलेले असते.