परमिट टाळणारी लहान गाडी, की दोन खेपांत काम उरकणारी?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "तालुक्याच्या गावी सेंटरिंगची, म्हणजे स्लॅब ओतण्यासाठी खाली साचा उभारायची, कामं घेतो. प्लेटा आणि जॅक स्वतःचे आहेत. गेल्या वर्षी ४८ स्लॅब केले. प्रत्येक स्लॅबला टेम्पोच्या चार खेपा होतात, दोन न्यायच्या आणि दोन आणायच्या. खेपेला १,४०० रुपये पडतात. हंगामात टेम्पो वेळेवर मिळाला नाही म्हणून आठ-दहा कामं हातची गेली. आता स्वतःची गाडी घ्यावी म्हणतो. भाऊ चालवेल, पण त्याचं लायसन्स चालेल का? मेहुणे म्हणतात, ३,००० किलोच्या आतली घे, परमिटची कटकट नको. घसाराही, म्हणजे गाडीच्या झिजेपोटी करात वजावट, ३० टक्के मिळेल. आणि वडिलांच्या नावावर घे. नाहीतर घरी ट्रॅक्टर-ट्रॉली आहेच, तीच लाव. स्वतःचाच माल न्यायचा असेल तर पांढरी नंबर पाटी चालते, असंही कुणी सांगितलं. मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी चार लाखांची ठेव आहे, ती मोडून डाउन पेमेंट करू का?"

नमस्कार,

सगळ्यात आधी ट्रॉलीचा विषय संपवू, कारण वरवर तीच सगळ्यात स्वस्त दिसते. वडिलांचा ट्रॅक्टर शेतीसाठी नोंदलेला आहे आणि त्याचा विमाही शेतीकामाचाच आहे. ट्रॉली हे कायद्याने वेगळं वाहन आहे. तिची नोंदणी वेगळी आणि नंबर वेगळा, शिवाय ट्रॅक्टरच्या विम्यात तिचा उल्लेखही लागतो. तुमची ट्रॉली गावातल्या वेल्डरने बनवलेली आहे आणि तिला नंबर नाही, असं तुम्हीच लिहिलं आहे. अशा ट्रॉलीत प्लेटा भरायच्या, वर चार मजूर बसवायचे आणि डांबरी रस्त्याला लागायचं. रोज काही होत नाही हे खरं. पण एकदा झालं तर शेतीचा वापर नाही, ट्रॉलीची नोंदणी नाही आणि माल वाहायच्या जागी माणसं, अशा तिन्ही मुद्द्यांवर विमा कंपनी हात वर करते. मालवाहू वाहनात बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच सांगितलं आहे. मग भरपाईचा दावा मालकावर येतो, आणि तुमच्या बाबतीत मालक म्हणजे सातबारा नावावर असलेले वडील. टेम्पोभाड्याचे वर्षाचे पावणेतीन लाख वाचवायला मी जमीन पणाला लावू देणार नाही.

पांढऱ्या पाटीचं उत्तरही सरळ आहे. माल वाहण्यासाठीच बनवलेली गाडी ही मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार परिवहन वाहन ठरते. माल स्वतःचा की भाड्याचा, यावर ते ठरत नाही. पाटी पिवळीच लागेल, त्यावर काळी अक्षरं. त्यासोबत फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला, आलाच: नव्या गाडीला पहिली दोन वर्षं, पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी.

आता परमिट. मेहुण्यांची माहिती बरोबर आहे. कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे ज्या मालवाहू गाडीचं एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल मिळून, ३,००० किलोपेक्षा जास्त नाही तिला परमिट लागत नाही. माहिती बरोबर असली तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. तुमच्याच आकड्यांनी बघा. एका स्लॅबला १३० प्लेटा, प्रत्येकी २० किलो, म्हणजे २,६०० किलो. वर ६० जॅक, प्रत्येकी १२ किलो, म्हणजे ७२० किलो. एकूण ३,३२० किलो. तुम्ही बघितलेली लहान गाडी कागदावर १,५०० किलो माल घेते आणि मोठी १,७००. लहान गाडीच्या दोन खेपांत ३,००० किलो जातात आणि उरलेल्या ३२० किलोसाठी तिसरी खेप पडते. मोठीत दोन खेपांत सगळं बसतं.

म्हणजे लहान गाडीने दर स्लॅबला जाताना एक आणि येताना एक खेप जास्त. ४८ स्लॅबला ९६ खेपा. तुमचं सरासरी जाऊन-येऊन अंतर २४ किलोमीटर धरलं, तर २,३०० किलोमीटर फुकट फिरायचं. लिटरला १२ किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरा, वर्षाला सतरा हजारांच्या वर नुसतं डिझेल जळतं. त्या वेळात सहा माणसं हात बांधून उभी राहतात, त्यांची हजेरी मी धरलेलीच नाही. दोन गाड्यांच्या किमतीत फरक ६०,००० रुपयांचा. परमिट एकदा काढलं की पाच वर्षं चालतं. तिसरी खेप मात्र प्रत्येक कामाला आहे.

खरी भीती वेगळीच आहे. लहान गाडी घेतली की तिसरी खेप कुणी करत नाही. पहिल्या महिन्यात "थोडंसंच जास्त आहे" म्हणून भरतात, सहाव्या महिन्यात सगळा स्लॅब एका खेपेत जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि जादा माल तिथेच उतरवावा लागतो. मोठ्या गाडीतही हा मोह होईलच, पण निदान तुमचं रोजचं काम तिच्यात कायद्याने बसतं. मोठी घेतलीत तर परमिट हातात आल्याशिवाय एकही खेप करू नका. परमिट नसताना अपघात झाला, तर विमा कंपनीने आधी जखमींना पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. विना-परमिट गाडी चालवण्याचा दंडही १०,००० रुपये आहे.

भावाच्या लायसन्सची काळजी सोडा. त्याच्याकडे हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स आहे ना? नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की ७,५०० किलोच्या आतलं परिवहन वाहन चालवायला त्यावर वेगळा शिक्का लागत नाही.

आता पैसे. मोठ्या गाडीची शोरूम किंमत ९,००,००० रुपये. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर आहे, म्हणजे ६३,०००. पूर्वीच्या मानाने हा बोजा चांगलाच वाढला आहे आणि जुन्या ओळखीवर "टॅक्स काय, किरकोळ असतो" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. विमा ४२,०००, बाकी नोंदणी, आरसीवर कर्जाची नोंद चढवणं, ताडपत्री धरून गाडी रस्त्यावर १०,१०,००० ला पडते. आठ लाखांचं कर्ज, ११ टक्के, पाच वर्षं, हप्ता साधारण १७,४००.

वर्षाचे हप्ते २,०८,८००, विमा ४२,०००, टायर-दुरुस्ती-फिटनेस मिळून ३६,०००, खेपा सोडून इतर फिरण्याचं डिझेल १०,०००. खेपा होवोत न होवोत, सुमारे २,९७,००० रुपये जाणारच. टेम्पोला खेपेमागे १,४०० देता. स्वतःच्या गाडीची खेप डिझेलमध्ये दोनशेच्या आत पडते. खेपेला १,२०० वाचले असं धरलं तर २,९७,००० भरून निघायला २४८ खेपा हव्यात. तुमच्या आहेत १९२. म्हणजे आजच्या कामावर ही गाडी हप्ते सुरू असेपर्यंत तोट्यात जाते.

इथे वडिलांच्या नावाचा प्रश्न येतो, आणि मला वाटतं तुमच्या पत्रातला सगळ्यात महागडा सल्ला तोच आहे. तुम्ही नियमित जीएसटी भरता, वर्षाची बिलं २४ लाखांची, त्यावर १८ टक्के. माल वाहणाऱ्या गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं. माणसं नेणाऱ्या गाडीसारखी तिथे आडकाठी नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांचा दर २८ वरून १८ टक्के झाला. नऊ लाखांत कर आहे १,३७,००० च्या थोडा वर. बिल तुमच्या नावाने आणि तुमच्या जीएसटी क्रमांकाने झालं, तर हे पैसे तीन-चार महिन्यांच्या कराच्या भरण्यात वळते होतात. बिल वडिलांच्या नावाने झालं की ते बुडाले.

ते पैसे कर्जात भरून हप्ता कमी करून घ्या. हप्ता साधारण १४,४०० वर येतो आणि २४८ खेपांचा आकडा २१८ वर. स्लॅबच्या भाषेत, ६२ ऐवजी ५५. आरसी बुकावर कुणाचं नाव, एवढ्याने वर्षाला सात स्लॅबचा फरक पडतो. आणि ५५ तुमच्या आवाक्यात आहेत: ४८ झालेच, आठ-दहा टेम्पोअभावी गेले. मात्र कर्ज घेतानाच विचारा की मधेच रक्कम भरली तर दंड किती, आणि हप्ता कमी करून देतात की फक्त मुदत. तोंडी उत्तर घेऊ नका.

या सगळ्या हिशेबात भाऊ पगार न घेता गाडी चालवतो असं धरलं आहे. खेपा महिन्याला पंचवीस-तीस, तो एरवीही साइटवरच असतो, त्यामुळे ते चालेल. पण त्याचा विचार बदलला आणि ड्रायव्हर ठेवावा लागला, तर गाडी घेऊ नका. हंगामापुरता एका टेम्पोवाल्याशी महिन्याचा करार करा, थोडं जास्त भाडं देऊन. कामं हातची जाण्याचा प्रश्न त्यानेही सुटतो. भावाशी आधी मोकळं बोला. घरातल्या घरात हे गृहीत धरलं जातं आणि दोन वर्षांनी धुसफूस सुरू होते.

मेहुण्यांचा ३० टक्के घसारा विसरा. तो भाड्याने चालणाऱ्या गाड्यांना आहे. स्वतःचा माल नेणाऱ्या गाडीला १५ टक्के. तुम्ही तर रिटर्न गृहीत नफ्याच्या योजनेत भरता, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरून; तिथे घसारा त्या टक्केवारीत आधीच धरलेला असतो. करबचत म्हणून गाडी घेण्यात तुमच्यासाठी काहीच नाही. रिकाम्या दिवसांत दुसऱ्यांची फरशी-सिमेंट वाहायचं म्हणता, ते पहिलं वर्ष तरी नको. अशी वाहतूक जीएसटीमुक्त असते, आणि मग घेतलेल्या क्रेडिटचा काही भाग परत करावा लागतो.

विमा घेताना दोन गोष्टी पॉलिसीत लिहून घ्या: चढ-उतार करणाऱ्या मजुरांच्या जोखमीचा जादा हप्ता, आणि केबिनमध्ये किती माणसांना संरक्षण आहे तो आकडा. बाकीच्यांनी मोटरसायकलवर यावं. आणि खेपेतल्या मालाची किंमत एक लाखाच्या वर गेली तर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रातही ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठीचं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र, लागतं, गाडी स्वतःची असली तरी.

ठेव मोडू नका. मुलगी दोन वर्षांनी बारावी होईल. तेव्हा हे पैसे गाडीतून काढायचे म्हणजे गाडी विकायची. डाउन पेमेंटचे दोन लाख दहा हजार चालू खात्यात आहेत, तेवढेच वापरा. तुमची खरी अडचण जून ते सप्टेंबर आहे. स्लॅब बंद, हप्ता चालू. कमी झालेल्या हप्त्यानेही चार महिन्यांचे ५७,६०० होतात. ऑक्टोबरपासून प्रत्येक स्लॅबच्या पैशातून १,२०० रुपये वेगळ्या खात्यात टाकत जा, मे अखेर ४८ स्लॅबांत तेवढे जमतात. म्हणूनच गाडी आता उन्हाळ्याच्या शेवटी न घेता दिवाळीच्या सुमारास घ्या. क्रेडिट हंगामातच वळतं होईल, आणि पहिला पावसाळा येईपर्यंत हप्ता उतरलेला असेल.