सातचा भोंगा

प्रश्न : रात्री जेवताना घरातले आम्ही चौघेही मोबाइलमध्ये डोके खुपसून बसतो. नियम केला की चार दिवसांत मोडतो. काय करावे?

उत्तर : एकट्यादुकट्याचा नियम टिकत नाही, कारण शेजारचा फोन वाजला की आपलाही हात आपसूक खिशाकडे जातो. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने हे नेमके ओळखले आणि २०२२ पासून रोज सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजला की दीड तास मोबाइल व टीव्ही बंद ठेवण्याची प्रथा पाडली. आपण कुकरची शेवटची शिट्टी हाच भोंगा मानावा आणि ती होताच चारही फोन आवाज बंद करून फ्रीजवर पालथे ठेवावेत. पहिला फोन मात्र आपला असावा. मुले तेवढेच पाहतात. चार्जरही निजायच्या खोलीतून बाहेर काढावा.