मालकाने झाड तोडायचं ठरवलं तर?

प्रश्न: कॅलिफोर्नियात मुलाकडे होतो तेव्हा कळलं की हजारो वर्षं जुने सेक्वॉया वृक्ष प्रायव्हेट जमिनीतही असतात, मग मालकाला अडवणार कोण?

उत्तर: काका, झाडं वाचवणाऱ्या संस्था भांडत बसण्यापेक्षा जमीनच विकत घेतात ना! तिथल्याच अल्डर क्रीक नावाच्या सेक्वॉयांच्या जंगलाची ५३० एकर जमीन एकाच घराकडे होती, त्यांनी पाइन-फर तोडले पण मोठे सेक्वॉया राखले, मग २०१९ च्या शेवटी सेव्ह द रेडवुड्स लीग या संस्थेने देणग्या गोळा करून १.५६ कोटी डॉलरला ती घेतली. विकायची नसेल तर ईझमेंट, म्हणजे मालकी तुमचीच पण तोडायचा, प्लॉट पाडायचा हक्क कायमचा सोडायचा, सातबाऱ्यावर बोजा असतो तसं, पुढचा मालकपण बांधील. आगीला मात्र खरेदीखत कळत नाही, २०२० च्या कॅसल फायरमध्ये तिथलीही झाडं जळलीच.