झिजलेल्या रुपयात चांदी किती?

प्रश्न : आजीच्या पेटीत आम्हाला १४ चारमिनारी रुपये (हिजरी १३३७ ते १३४३), ६ राणीछाप रुपये आणि १९४४ सालचे ३ रुपये मिळाले. चारमिनारी रुपयांचे एकत्रित वजन १५३ ग्रॅम भरले. नाणी झिजल्यामुळे टंचही (चांदीचे शेकडा प्रमाणही) उतरला आहे, म्हणून सगळी निम्म्या चांदीची धरावीत, असे सराफांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?
— एक वाचक, जिंतूर (जि. परभणी)

उत्तर : बरोबर नाही. झिजेने नाण्याचे वजन घटते, टंच घटत नाही. कारण घासून जाणाऱ्या कणात चांदी आणि तांबे जवळजवळ त्याच प्रमाणात असतात. म्हणून आधी नाण्याची जात ओळखावी आणि तिचा टंच आजच्या प्रत्यक्ष वजनाला लावावा. आपला चारमिनारी रुपया, म्हणजे निजामाच्या टांकसाळीतील हाली सिक्का रुपया, मुळात ११.१८ ग्रॅमचा आणि ८१.८ टक्के चांदीचा होता. आपल्या १४ रुपयांचे मूळ वजन १५६.५ ग्रॅम असणार, म्हणजे झीज जेमतेम साडेतीन ग्रॅमची आहे, आणि उरलेल्या १५३ ग्रॅममध्ये सुमारे १२५ ग्रॅम शुद्ध चांदी आहे. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर तोळ्याचा, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी असते. सराफांचे म्हणणे फक्त १९४४ च्या तीन रुपयांना लागू पडते. महायुद्धाच्या काळात, १९४० पासून, इंग्रज सरकारने रुपयातील चांदी ५० टक्क्यांवर आणली होती.

मराठवाड्यात सात हाली रुपयांना सहा कलदार (इंग्रज सरकारचे रुपये) असा हिशेब चालत असे. सात कोऱ्या हाली रुपयांतील चांदी आणि सहा कलदारांतील चांदी दोन्हीकडे सुमारे ६४ ग्रॅम भरते, म्हणजे तो दर चांदीला धरूनच होता.

नाणी खरी आहेत का, याची खात्री घरी पाण्याने करता येते. शतांश ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करावा आणि सगळी चारमिनारी नाणी बारीक दोऱ्याने, तळाला किंवा कडेला न टेकता, पूर्ण बुडतील अशी धरावीत. नाण्यांना चिकटलेले बुडबुडे मात्र झटकून टाकावेत. आपल्या १५३ ग्रॅमसाठी काट्यावर १५ ग्रॅमच्या आसपास आकडा (नाण्यांनी बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन) यावा. चांदी निम्मीच असती तर तो १६ च्या जवळ गेला असता आणि मुलामा दिलेल्या पितळेला १८ च्या घरात. एकेक नाणे मोजल्यास हा फरक काट्याच्या चुकीत हरवतो, म्हणून एका जातीची सगळी नाणी एकत्र मोजावीत.

कसोटीच्या दगडावर किंवा क्ष-किरण यंत्रावर उमटतो तो केवळ पृष्ठभागाचा टंच. जुन्या नाण्याच्या वरच्या थरातून तांबे निघून गेलेले असल्याने तो आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. चुंबकाचा उपयोग मर्यादित आहे : १९४७ चा निकेलचा रुपया त्याला चिकटतो, पण चांदीही चिकटत नाही आणि तांबे-पितळही नाही. एखाद्या नाण्याला माळेसाठी कडी डागलेली असेल, तर डाकाची धातू वेगळी असल्यामुळे ते नाणे या मोजणीतून बाजूला ठेवावे.