अँटिग्वाहून एका दिवसात प्लिमथ? जरा थांबा

कॅरिबियनमधल्या अँटिग्वाहून एका दिवसात माँटसेराट बेटावरचं, ज्वालामुखीने गाडलेलं प्लिमथ शहर बघून यायचा बेत असल्याचं तुम्ही लिहिलंय. त्यात "प्लिमथची परवानगी आमच्याकडे असते, तुम्ही फक्त या," असं अँटिग्वातल्या एजंटाने तुम्हाला सांगितल्याचं वाचलं आणि राहवेना. मलाही तिथल्याच एका कचेरीने अगदी हेच ऐकवलं होतं.

विमान, हॉटेल वगैरे तुम्ही पाहिलंच असेल. व्हिसाबद्दल एवढंच सांगतो: अँटिग्वा स्वतंत्र देशाचा भाग आहे, माँटसेराट ब्रिटनच्या ताब्यातलं बेट. भारतीय पासपोर्टवर दोन्हीकडचे नियम वेगवेगळे तपासा, तेही सरकारी संकेतस्थळावर. नियम बदलतात, माझ्यावर विसंबू नका.

आता मुद्दा. जुलै १९९५ मध्ये माँटसेराटवरचा सूफ्रिएर हिल्स हा ज्वालामुखी जागा झाला आणि ऑगस्ट १९९७ पर्यंत प्लिमथ राख-चिखलाखाली गेलं. कागदोपत्री राजधानी अजून तेच, पण ते 'झोन व्ही' या बंद पट्ट्यात येतं. प्रमाणित गाईड बरोबर असेल आणि त्याने आधी कळवून ठेवलं असेल तरच आत सोडतात. ज्वालामुखीची कुरबुर वाढली, वेधशाळेने धोक्याची पातळी चढवली, की तेही बंद.

त्या कचेरीला मी ईमेलवर सरळ विचारलं होतं, "आत नेणार ना?" उत्तर दर वेळी एकच: सगळी व्यवस्था झाली आहे. पैसे आगाऊ घेतले. प्रत्यक्षात मिनीबस गॅरिबाल्डी हिल या टेकडीवर जाऊन थांबली. समोर खाली राखाडी पट्टा, त्यात छपरं. ड्रायव्हर बिचारा भला माणूस, पण त्याच्याकडे आत जायची परवानगीच नव्हती. कचेरीत फोन केला तर तिथल्या बाई म्हणाल्या, "दिसलं ना प्लिमथ?" परतावा? दिसलं म्हणजे सेवा दिली! या उत्तराला काय म्हणावं, सांगा.

शेवटी मुक्काम वाढवला. गेस्टहाऊसच्या मालकीणबाईंनी ओळखीतल्या गाईडला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी आत गेलो. म्हणून माझं (थोडं कडवट) मत: मधला एजंट नकोच. माँटसेराटमधल्या प्रमाणित गाईडशी थेट बोला आणि 'झोन व्हीच्या आत, प्लिमथच्या रस्त्यांवर' असं लेखी घ्या. आणि एका दिवसात उरकू नका. माँटसेराटमधल्या जेराल्ड्सच्या विमानतळावर उतरणारी विमानं चिमुकली, हवा बिघडली की उड्डाण रद्द. मग ना प्लिमथ, ना परतीचं विमान.

आत काय? रिचमंड हिलवरचं रिकामं हॉटेल बघाच. तिथल्या पोहण्याच्या तलावात राख भरून वर झाडोरा उगवलाय. खाली शहरात जमीनच इतकी वर आलीय की काही इमारतींचा फक्त वरचा मजला दिसतो. जेट्टीवर मात्र काम चालतं, ज्वालामुखीची वाळू जहाजात भरून निर्यात होते. आमच्या गाईडचं स्वतःचं घर त्याच राखेखाली. त्यामुळे छपरांवर चढून रील काढणारे पाहिले की माझं डोकं फिरतं. २५ जून १९९७ ला या बेटावर उद्रेकात १९ माणसं गेली. ती प्लिमथमध्ये नव्हे, पूर्वेच्या गावांकडे, पण बेट एवढुसं, प्रत्येकाचं कोणीतरी त्यात होतं.

बूट बंद घाला, मास्क ठेवा. वारा सुटला की राख डोळ्यांत जाते. दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मी डॉक्टर नाही. मांसाहारी असाल तर 'गोट वॉटर' खाऊन या, लवंग घातलेला बोकडाच्या मटणाचा पातळ रस्सा असतो. शाकाहारी असाल तर गेस्टहाऊसला आधीच सांगा, आयत्या वेळी पंचाईत होते.

गाईडला रोख लागते. पूर्व कॅरिबियन डॉलर अँटिग्वातच काढून घ्या, उरले तर परतताना तिथेच खपतात.