दोन नोडच्या ओरॅकल रॅकला दोन व्होटिंग डिस्क पुरतील का?

नाही, तीन ठेवा. रॅक (आरएसी) म्हणजे अनेक सर्व्हर, म्हणजे नोड, मिळून एकच डेटाबेस चालवणारा क्लस्टर; व्होटिंग डिस्क म्हणजे कोणता नोड जिवंत आहे याची नोंद ठेवणारी सामायिक डिस्क. क्लस्टरमध्ये टिकून राहायला प्रत्येक नोडला निम्म्याहून अधिक व्होटिंग डिस्क दिसाव्या लागतात, असा ओरॅकल क्लस्टरवेअरचा, म्हणजे नोड एकत्र बांधून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, नियमच आहे. दोनपैकी एक गेली की उरते नेमकी निम्मी, म्हणजे दोन्ही नोड बाहेर. दोन डिस्कने एकीपेक्षा जास्त सुरक्षितता मिळत नाही, उलट बिघडू शकणारी वस्तू एकाची दोन होते. तीन असतील तर एक गेली तरी काम चालू राहतं. एएसएममध्ये (ओरॅकलची डिस्क सांभाळणारी व्यवस्था) डिस्कग्रुप, म्हणजे डिस्कचा गट, नॉर्मल रिडंडन्सीचा (डेटाच्या दोन प्रती ठेवणारा) केला की तीन व्होटिंग फाइल्स, म्हणजेच व्होटिंग डिस्क, आपोआप बनतात, मात्र त्यासाठी तीन वेगळे फेल्युअर ग्रुप (एकदम बिघडू शकणाऱ्या डिस्कचे गट) लागतात. तपासायला ‘सीआरएससीटीएल क्वेरी सीएसएस व्होटडिस्क’ (crsctl query css votedisk) ही कमांड चालवा, तिन्हींसमोर ऑनलाइन दिसलं पाहिजे.

एक मात्र बघा: तिन्ही लन (स्टोरेजमधून सर्व्हरला दिलेल्या डिस्क) एकाच स्टोरेज कॅबिनेटमधून येत असतील, तर ते कॅबिनेट बंद पडल्यावर तिन्ही एकदम जातील. दोन कॅबिनेट असतील, तर तिसरी व्होटिंग फाइल तिसऱ्याच जागी, एनएफएसवर (दुसऱ्या सर्व्हरचं नेटवर्कवरून वापरायचं फोल्डर) क्वोरम फेल्युअर ग्रुप, म्हणजे डेटाबेसचा डेटा न ठेवणारा गट, म्हणून ठेवा. तिला जागा अगदी थोडी लागते, साधा लिनक्स सर्व्हरही पुरतो.